मागे काय सोडायचे, बरोबर काय न्यायचे?



मागे आमच्या समूहाच्या प्रार्थनासभेत संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचण्यात आला. मागच्या गोष्टी विसरून, पुढच्या गोष्टींकडे धाव घेत, मी ध्येयाच्या दिशेने पळतो आहे, असे पौल तेथे सांगतो (३:१३-१४). वाचन झाले, क्षणभर शांतता झाली आणि कोपऱ्यात बसलेल्या एक भगिनी म्हणाल्या, "पौलाला जमलं असेल, पण मला सांगा, विसरायचं कसं? ठरवून कोणी विसरतं का?"

कोणाकडेच उत्तर नव्हते. माझ्याकडे तर मुळीच नव्हते, कारण माझ्या स्वतःच्या कपाटात तेव्हा एक फाईल होती. तिच्याविषयी पुढे लिहितो. त्या भगिनींचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, म्हणून बायबल पुन्हा उघडून बसलो. त्यातून जे हाती लागले ते आपल्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे पौल नेमके काय विसरतो आहे ते पाहू. आपण सहज समजतो की तो आपली पापे विसरू पाहत असेल. त्याने ख्रिस्तसभेचा छळ केला होता, स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा तो तिथे हजर होता. पण त्याच अध्यायातील चौथ्या ओवीपासून वाचले तर यादी वेगळीच निघते. आठव्या दिवशी सुंता, बन्यामीनचा वंश, इब्री घराणे, परूशी पंथ, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. ही तर त्याची प्रमाणपत्रे आहेत! ज्या गोष्टींचा अभिमान वाटावा त्याच तो केरकचऱ्यात टाकतो आहे. म्हणजे भूतकाळ दोन प्रकारांनी माणसाला धरून ठेवतो. एक जखमेने आणि दुसरा मोठेपणाने. जखम निदान दुखते तरी, म्हणून आपण तिच्यावर औषध शोधतो. मोठेपणा दुखत नाही.

आपल्या धर्मग्रामात हा दुसरा प्रकार भरपूर आहे. राग मानू नका, मीही त्यात आलो. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू, झारखंड अशा सगळीकडून ख्रिस्ती कुटुंबे कामासाठी बोईसर-पालघरकडे आली. इथली आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे तर आधीपासूनची. प्रत्येकाने येताना आपापले चर्च मनात भरून आणले. "आमच्या गावाला मिस्साला बँड असायचा." "आमच्याकडे नोव्हेनाला नऊ दिवस गर्दी मावायची नाही." "आमचे फादर असं कधीच करत नव्हते." मिस्सा कोणत्या भाषेत व्हावी यावरून आपण किती संध्याकाळी घालवल्या ते सर्वांना आठवत असेल. इस्राएल लोकांचेही असेच झाले होते. मिसरमधली गुलामगिरी ते विसरले. आठवण राहिली ती मासळीची, काकड्यांची, खरबुजांची, कांद्या-लसणाची (गणना ११:५). रानात रोज मान्ना मिळत होता, तरी जीभ मागे वळून पाहत होती. गंमत अशी की मिसरमध्ये असताना हेच लोक रडत होते. आपली आठवण नेहमी खरे बोलते असे नाही, हे त्या ओवीवरून शिकावे.

मग सगळेच विसरायचे का? तसे म्हणता येणार नाही. उलट आपली श्रद्धा आठवणीवर उभी आहे. प्रत्येक मिस्सामध्ये आपण प्रभूचे स्मरण करतो, ते त्यानेच करायला सांगितले म्हणून. देवाने मिसरमधून कसे सोडवले ते मुलांना सांगत राहा, असे अनुवाद ग्रंथ पुन्हा पुन्हा बजावतो. पालघरमध्ये १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि दर वर्षी त्या दिवशी गाव त्यांना आदरांजली वाहते. कोणी म्हणेल का, की जाऊ द्या, मागचे विसरा? अशी आठवण माणसाला मोठे करते. पौलसुद्धा आपला भूतकाळ लपवत नाही. मी ख्रिस्तसभेचा छळ केला, प्रेषित म्हणवून घ्यायला मी लायक नाही, असे तो स्वतःहून लिहितो (१ करिंथ १५:९). त्याला सगळे आठवत होते. ती आठवण फक्त त्याच्यावर राज्य करत नव्हती.

म्हणून मला वाटते, 'विसरणे' या शब्दापेक्षा 'सोडणे' हा शब्द बरा. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. राबाच्या जागी भात पेरतो, आवण हातभर वाढते, हिरवेगार दिसते. तसेच ठेवले तर काय होईल? दाटीवाटीत ते वाढणार नाही, नीट दाणा धरणार नाही. म्हणून भर पावसात वाकून आवण खणायचे, मुळांची माती झटकायची, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात लावायचे. लावणीनंतर काही दिवस रोपे पिवळी पडतात, मान टाकतात. नवखा माणूस घाबरतो. जाणता माणूस बांधावर उभा राहून म्हणतो, धरेल मूळ. माती सुटते, रोप मात्र तेच असते, त्याची मुळेही तीच असतात.

हे वाचताना मला आपल्याच वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण झाली. वसईचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे, गासचे चर्च त्यांच्या नावाने आहे, पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आपण प्रवचनात फारशी ऐकत नाही. १५५६-५७ च्या सुमारास वसईला जन्मलेला हा मुलगा येशूसंघाच्या फादरांजवळ शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने उत्तम आत्मसात केली. अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून त्यांची सेवा केली. आपल्याला संघात घेतील अशी त्याची आशा होती. घेतले नाही.

विचार करा. तारुण्याची ऐन वर्षे दिली आणि ज्या दारात उभे राहायचे होते ते दार उघडलेच नाही. आपल्यापैकी कोणाच्या बाबतीत असे झाले असते तर? चर्चमध्ये एखाद्या कमिटीवर नाव आले नाही तरी आपण मागच्या बाकावर बसू लागतो, काहीजण तर रविवारी दुसऱ्या चर्चला जातात. गोन्सालो व्यापारात शिरला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. तेही पुरे झाले असते. पण पुढे मनिला येथे तो व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून तो कुठे गेला? त्याच जपानला, जिथे त्याला नकार मिळाला होता.

इथेच मला आवण आठवते. माती सुटली, मूळ राहिले. नकाराचे ओझे बरोबर घेऊन गेला असता तर त्या देशात पुन्हा पाऊल ठेववले नसते. पण तिथे शिकलेली भाषा त्याने टाकून दिली नाही. त्याच भाषेत तो तेथील सत्ताधीश हिदेयोशीपुढे आपल्या वरिष्ठांचे शब्द पोचवू शकला. जी वर्षे वाया गेली असे वाटले असेल तीच देवाने कामाला लावली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, सतरा सर्वसामान्य ख्रिस्ती होते आणि तीन येशूसंघाचे होते, संत पौल मिकी त्यांच्यापैकीच एक. ज्या संघाने गोन्सालोला घेतले नव्हते त्या संघाचे तीन भाऊ त्याच टेकडीवर, त्याच रांगेत. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना एकाच दिवशी संतपद बहाल केले.

आता दुसरा प्रश्न. जखम दुसऱ्याने केलेली असेल तर? योसेफाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातल्या काळाकडे लक्ष देत नाही. सतराव्या वर्षी भावांनी त्याला विकले. तिसाव्या वर्षी तो मिसरचा प्रमुख कारभारी झाला. पहिला मुलगा झाला तेव्हा त्याने नाव ठेवले मनश्शे, कारण देवाने मला माझे सारे कष्ट आणि माझ्या बापाचे घर विसरायला लावले (उत्पत्ती ४१:५१). छान! प्रकरण मिटले. पण काही वर्षांनी दुष्काळात भाऊ धान्य मागायला समोर उभे राहिले आणि हाच योसेफ बाजूला जाऊन रडला. मुलाचे नाव 'विसर' ठेवले म्हणजे विसरता येत नाही. घोषणा आधी होते, मन मागून येते. आणखी पुढे वाचा. भाऊ मिसरमध्ये सतरा वर्षे सुखाने राहिले, मग बाप याकोब वारला आणि भाऊ पुन्हा घाबरले, की आता हा सूड घेईल (५०:१५). क्षमा मिळाली यावर त्यांचा इतकी वर्षे विश्वासच बसला नव्हता. क्षमा करणे अवघड आहे हे आपण जाणतो. मिळालेली क्षमा खरी मानणे त्याहून अवघड आहे की काय, असे कधी कधी वाटते.

आमच्या शेजारच्या एक आजी होत्या. तरुणपणी केलेली एक चूक त्या प्रत्येक उपवासकाळात पापनिवेदनात सांगत. त्यांनीच मला हे सांगितले होते. "फादर दर वेळी म्हणतात, हे माफ झालंय. पण मला वाटतं, देव विसरला नसला तर?" संदेष्टा मीखा म्हणतो की देव आपली पापे समुद्राच्या तळाशी टाकतो (७:१९). सातपाटी-दांडीच्या मच्छीमार बांधवांना विचारा, खोल पाण्यात बुडालेले जाळे पुन्हा काढायला कोणी जाते का? एकदा मनापासून सांगितलेले आणि संस्कारात क्षमा झालेले पाप पुन्हा पुन्हा उकरण्याची गरज नाही, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. नुकसान भरून देण्याचे राहिले असेल तर मात्र ते जरूर करावे.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण 'मागचे सोडा' हा उपदेश पुष्कळदा चुकीच्या माणसाला केला जातो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. त्या लोकांनी घर, अंगण, समुद्रकाठ सोडला आणि पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी आणि कोर्टात खेटे घातले. त्यांना कोणी चर्चच्या पायरीवरून 'विसरा आता' असे सांगू नये. ज्याची भरपाई बाकी आहे त्याच्याकडून विसरण्याची अपेक्षा धरणे म्हणजे न्यायाला बगल देणे. हक्क मागता येतो आणि तरीही द्वेष सोडता येतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारहाण सोसणाऱ्या बहिणीला 'क्षमा कर आणि परत जा' असे सांगणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

द्वेष सोडायला किती वेळ लागतो? मध्य प्रदेशात गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून प्रवास करताना हत्या झाली. त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंग याला राखी बांधली. मधली सात वर्षे मोजा. पुढे कुटुंबाने आणि ख्रिस्तसभेने विनंती केल्यावर २००६ साली त्याची सुटका झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. आपण ही गोष्ट सांगताना राखी सांगतो आणि सात वर्षे गाळतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की आपल्याला एका प्रार्थनेत जमले नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे.

आता फाईलविषयी. मी १९८४ साली नोकरीनिमित्त बोईसरला आलो. वसईला वडिलांची वाडी आणि घर. मोठा भाऊ तिथेच राहिला. वडील गेल्यावर वाडीचा काही भाग विकला गेला आणि माझ्या हाती जे आले ते मला फार कमी वाटले. शब्दाला शब्द वाढला. मी सातबाऱ्याचे उतारे काढले, जुन्या पावत्या गोळा केल्या, कोण कधी काय म्हणाले ते तारखेसह वहीत लिहिले आणि सगळे एका फाईलमध्ये लावून ठेवले. कोर्टात मी कधी गेलो नाही. फाईल मात्र वर्षातून दोन-तीनदा काढून वाचायचो. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही. तेव्हा डहाणू लोकल नव्हती, शटलने जावे लागे, म्हणून जमले नाही असे मी बायकोला सांगितले. तिने काही उत्तर दिले नाही.

या अकरा वर्षांत मी नियमित मिस्साला जात होतो, परमप्रसाद घेत होतो, समूहात प्रार्थना चालवत होतो. फादरांनी एकदा पापनिवेदनात विचारले, "भावाला माफ केलं का?" मी म्हणालो, "केलं फादर, पण विसरता येत नाही." ते म्हणाले, "विसरायला कोण सांगतंय? भेटून या."

मी गेलो नाही. खोटे कशाला लिहू? आणखी दीड वर्ष गेले. ज्या सभेत त्या भगिनींनी प्रश्न विचारला त्यानंतरच्या रविवारी गेलो. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयी प्रभू येशू बोलतो (लूक ९:६२), ते वाचून नव्हे. भाऊ आजारी असल्याचे कळले होते, एवढेच. वहिनीने दार उघडले. चहा झाला. बराच वेळ पावसाच्या गोष्टी झाल्या. मग मी वाडीचा विषय काढला तेव्हा भाऊ उठला, कपाट उघडले आणि एक फाईल माझ्यासमोर ठेवली. त्याच्याही पावत्या होत्या. वडिलांच्या आजारपणातला दवाखान्याचा खर्च, घराच्या कौलांचा खर्च, मी बोईसरहून पैसे पाठवले नाहीत ते महिने, सगळे तारखेसह. त्याच्या वहीत मी चोर होतो. माझ्या वहीत तो.

त्या दिवशी काही मिटले नाही. कोणाचा हिशेब बरोबर याचा निकाल आजही लागलेला नाही, आणि माझ्या मते माझा थोडा जास्त बरोबर आहे. पण आता आम्ही सणाला एकत्र जेवतो. त्याच्या नातवाला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ती पाच वर्षे कोणत्याही फाईलमध्ये सापडणार नाहीत.

संत योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख दोनदा येतो. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत असताना पेत्राने प्रभूला नाकारले (१८:१८). दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर, तिबिर्या समुद्राच्या काठी, जिथे प्रभू स्वतः मासे भाजत बसला होता (२१:९). पेत्र पाण्यातून भिजून वर आला आणि समोर पुन्हा तोच विस्तव. त्या वासाने त्याला काय आठवले असेल! प्रभू त्याला 'विसर ते' असे म्हणाला नाही. आधी न्याहारी दिली. मग जितक्यांदा नाकारले तितक्यांदा, तीन वेळा, तुझे माझ्यावर प्रेम आहे का, असे विचारले. पेत्र तिसऱ्यांदा दुःखी झाला. प्रभूने तरीही विचारणे थांबवले नाही आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली. पेत्राची आठवण पुसली गेली नाही. तिच्या शेजारी दुसरी एक आठवण बसवली गेली.

या आठवड्यात समूहाच्या सभेत योहान २१:१-१९ हा उतारा वाचावा. सावकाश, दोनदा. नंतर दहा मिनिटे कोणी बोलू नये. ज्यांना बोलायचे असेल त्यांनी एवढेच सांगावे, की आपल्या घरात कोणती फाईल आहे आणि ती शेवटची कधी उघडली. नावे घेऊ नयेत. कोणी कोणाला उपदेश करू नये. ज्यांना नुसते बसायचे असेल त्यांना बसू द्यावे. चहा मात्र सर्वांनी एकत्र घ्यावा, मराठी, कोकणी, मल्याळी असे वेगळे घोळके करू नयेत.

माझी फाईल अजून कपाटात आहे. भावाचीही असावी. येत्या सणाला दोन्ही बरोबर घेऊन बसायचे असे आमचे ठरले आहे.